तिबेटखालची रेघ कुठे आहे?

7 जानेवारी 2025 रोजी सकाळी तिबेटमधल्या टिंगरी परगण्यात 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्याकडच्या बातम्यांनी त्याचं कारण एका ठरलेल्या वाक्यात उरकलं: भारतीय प्लेट युरेशियन प्लेटवर आदळते आहे, म्हणून हिमालयात भूकंप होतात. वाक्य खोटं नाही. पण आदळणं म्हणजे दाब, आणि दाबाखाली जमीन आखडते. टिंगरीत ती ताणली गेली होती. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या एका भेगेच्या पूर्वेची आणि पश्चिमेची बाजू एकमेकींपासून दूर झाल्या आणि त्यांतली एक खाली बसली. दोन मोटारींची समोरासमोर धडक व्हावी आणि त्यांतल्या एकीचं टप लांबीच्या दिशेनं उसवावं, असा हा प्रकार. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्याही वर, गोठवणाऱ्या थंडीत, 126 माणसं गेली आणि 3,600 हून अधिक घरं पडली.

जमीन दाबली गेली की ताणली गेली याच्याशी सामान्य माणसाला काय देणंघेणं, असं कोणी म्हणेल. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. तिबेटच्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर आज जे बांधलं जातंय, म्हणजे धरणं (यारलुंग त्सांगपो नदीवरचा चीनचा मेदोग वीजप्रकल्प हे या लेखाचं निमित्त), बोगदे, लोहमार्ग, नवी गावं, त्याविषयीचा जवळजवळ प्रत्येक वाद एका न बोललेल्या गृहीतकावर चालतो. कुठेतरी धोक्याची एक रेघ आहे, ती तज्ज्ञांना ठाऊक आहे, आणि तिच्यापासून पुरेसं लांब राहिलं की झालं. पठाराचे भूकंप हे गृहीतक पुन्हा पुन्हा मोडून काढतात. ते मोडलं की ‘आमच्या अभियंत्यांनी सगळं तपासलंय, तुम्ही निर्धास्त राहा’ या सरकारी उत्तराला फारसा आधार उरत नाही. मग तपासलं ते काय, हे उघड्यावर ठेवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते पटवायचं तर आधी पठाराच्या पोटात शिरावं लागेल.

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताची उत्तर कड आशियाला भिडली. त्याआधी आपली प्लेट वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास वेगानं उत्तरेकडे येत होती. भिडल्यावर ती मंदावली, थांबली मात्र नाही. आज उपग्रहांच्या मदतीनं केलेल्या मोजमापात भारत आणि आशियाचा उत्तर भाग वर्षाला साधारण 4 सेंटिमीटरनं एकमेकांजवळ येताना दिसतात. नखं वाढावीत तसा हा वेग. यातले सुमारे 2 सेंटिमीटर हिमालयात खपतात. तिथे भारताचं कवच तिबेटखाली शिरतं, पायथ्याकडचा भाग अडकून बसतो, ताण साठतो आणि कधीतरी 1934 च्या नेपाळ-बिहारसारखा किंवा 2015 च्या नेपाळसारखा भूकंप होऊन तो सुटतो. उरलेले दोन सेंटिमीटर कुठे जातात? ते पठाराच्या अंगावर, त्याच्या उत्तरेच्या डोंगररांगांवर, थेट तिएन शान पर्वतापर्यंत वाटले जातात. शाळेच्या नकाशात प्लेटची सीमा म्हणजे दातेरी काळी रेघ असते. इथे ती सीमा दीड हजार किलोमीटरहून रुंद आहे, आणि अख्खं तिबेट तिच्या आत आहे.

या पठाराखाली काय दडलंय याचा पहिला सुगावा एका ओळंब्यानं दिला, तोही भारतात. एकोणिसाव्या शतकातल्या महासर्वेक्षणात उत्तरेचं कल्याणा आणि मध्य भारतातलं कल्याणपूर या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं, ताऱ्यांवरून आणि जमिनीवरच्या त्रिकोणांवरून. दोन्हींत 5.24 विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) तफावत निघाली. जॉन हेन्री प्रॅट यांनी हिशेब मांडला की हिमालय आणि त्यामागचं पठार एवढं वजनदार आहे, की त्यांनी ओळंबा आपल्याकडे ओढून 15 विकलांहून जास्त तफावत पाडायला हवी होती. ओळंबा हवा तेवढा ओढला जात नव्हता. 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी याचा अर्थ लावला: उंच मुलखाखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असलं पाहिजे, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याचा बुडालेला भाग असतो तसं. आज तिबेटखालचं भूकवच सुमारे 70 किलोमीटर जाड मोजलं गेलंय. खंडांत इतरत्र ते साधारण त्याच्या निम्मं असतं.

एवढा जाड, एवढा उंच थर स्वतःच्याच वजनाला पेलत नाही. ओल्या वाळूचा ढीग दोन्ही हातांनी दाबून उंच करत गेलं तर एका उंचीनंतर तो वर चढायचं थांबतो आणि हात नसलेल्या बाजूंनी पसरू लागतो. तिबेटचं तेच झालंय. दक्षिणेकडून भारत दाबतो, उत्तरेकडे आशिया हटत नाही, म्हणून पठार पूर्व-पश्चिम पसरतं. दक्षिण तिबेटात उत्तर-दक्षिण धावणाऱ्या खचदऱ्यांची जी रांग दिसते, ती या पसरण्याच्या खुणांची. टिंगरीचा भूकंप त्यांतल्याच एका पट्ट्यातला. ‘इंडेप्थ’ या चिनी आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या संयुक्त प्रकल्पानं 1990 च्या दशकात दक्षिण तिबेटखाली खोलवर पाहिलं, तेव्हा कवचाच्या मधल्या थरात अर्धवट वितळलेला खडक असल्याच्या खुणा मिळाल्या. खालचा थर तापलेला आणि मऊ, त्यामुळे कडक खडक तुटायचा तो वरच्या पंधरा-वीस किलोमीटरांतच तुटतो. टिंगरीची नाभी 10 किलोमीटर खोल होती. उथळ भूकंपाचा सगळा जोर डोक्यावरच्या गावांना बसतो.

म्हणजे एकाच टकरीतून तीन स्वभावांचे भूकंप निघतात. पायथ्याशी आणि पूर्वेच्या कडेला एक बाजू दुसरीवर चढते. पठाराच्या अंगातून पूर्वेकडे जाणाऱ्या लांबच लांब भेगांवर, कुनलुन असो की युशूजवळची भेग, दोन बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकतात. आणि माथ्यावर जमीन ताणून खचते. चढणं, सरकणं, खचणं.

यावर शास्त्रज्ञांमध्ये एक जुना आणि मोठा मजेदार वाद आहे. 1924 मध्ये एमिल आर्गां यांनी आशियाच्या रचनेवरच्या आपल्या ग्रंथात तिबेटखाली भारत शिरल्याची कल्पना मांडली होती; तेव्हा प्लेट हा शब्दही या अर्थानं रुळला नव्हता. 1975 मध्ये पीटर मोल्नार आणि पॉल तापोनिए यांनी उपग्रहचित्रांवरून आशियातल्या मोठ्या भेगांचा अर्थ लावला, आणि पुढे तापोनिए आणि सहकाऱ्यांनी प्लॅस्टिसिनच्या ठोकळ्यात कडक ठोकळा रेटून दाखवला. रेटल्यावर मऊ ठोकळ्याचे मोठे तुकडे भेगांवरून बाजूला सरकले. त्यांच्या मते तिबेट म्हणजे काही कडक तुकडे आणि त्यांच्यामधल्या ठळक भेगा. दुसऱ्या बाजूला फिलिप इंग्लंड आणि डॅन मकेन्झी यांनी 1982 मध्ये म्हटलं, की एवढ्या मोठ्या पसाऱ्यात खंड घट्ट काकवीसारखा वागतो. ताण सगळीकडे पसरतो, एखाद्या भेगेचं महत्त्व आपण उगाच वाढवतो.  गेल्या चाळीस वर्षांत दोन्ही पक्षांना पुरावे मिळत गेले. माझ्यासारख्या वाचकाला या वादात खरं कोण यापेक्षा एक गोष्ट जास्त टोचते. धोरण आखणाऱ्यांना पहिलं चित्र फार आवडतं, कारण त्यात भेगा मोजता येतात आणि त्यांच्यापासून लांब राहिल्याचं प्रमाणपत्र देता येतं. भूकंप मात्र दुसऱ्या चित्राची आठवण करून देत राहतात.

2021 चा मादुओ भूकंप घ्या. 22 मे रोजी पठाराच्या ईशान्य भागात 7.3 तीव्रतेचा धक्का बसला आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास जमीन फाटली. सगळ्यांचं लक्ष जवळच्या कुनलुन भेगेवर होतं, ती प्रसिद्ध आणि वेगवान. फाटली मात्र तिच्या दक्षिणेची, तुकड्याच्या आतली, दुय्यम समजली गेलेली भेग. मुलूख विरळ वस्तीचा असल्यानं कोणी दगावलं नाही, पण नव्या द्रुतगती मार्गावरच्या एका लांबलचक पुलाचे गाळे पत्त्यांसारखे आडवे झाले.

2008 च्या वेन्चुआनचा धडा याहून कठोर आहे. पठाराची पूर्वेची कड लाँगमेनशान पर्वतानं सिचुआनच्या मैदानात उतरते. उपग्रहांच्या मोजमापात ही कड जवळजवळ निपचित दिसायची. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर हालचाल, त्याहून जास्त नाही. हिमालयाच्या 2 सेंटिमीटरांपुढे हे काहीच नाही असं कोणालाही वाटेल. म्हणून तिथल्या इमारतींच्या मानकात हादऱ्याची पातळी (एखाद्या जागी जमीन किती हलते याची बारा पायऱ्यांची मोजपट्टी, तीव्रतेच्या आकड्याहून वेगळी) सात धरली होती. 12 मे 2008 रोजी दुपारी 2 वाजून 28 मिनिटांनी 7.9 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या गावांत हादरा दहा-अकरा पातळीचा होता. 69,000 हून अधिक माणसं मेली, आणखी सुमारे 18,000 सापडलीच नाहीत. आदल्याच वर्षी ब्रिटिश, अमेरिकी आणि चिनी संशोधकांनी छापलेल्या एका लेखात याच भेगा जाग्या आहेत आणि जोरदार हादरा देण्याइतक्या लांब आहेत असं म्हटलं होतं. संथ भेग सुरक्षित असते हा समज गणितानंच खोटा आहे. ती फक्त जास्त शतकं वाट पाहते.

दुपारची वेळ, शाळा भरलेल्या. चीन सरकारनं वर्षभरानं दिलेला आकडा 5,335 मृत वा बेपत्ता विद्यार्थ्यांचा होता. कित्येक ठिकाणी शाळेच्या इमारती कोसळल्या आणि शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा पालकांनी विचारायला सुरुवात केली. चिनी कलावंत आय वेईवेई यांनी स्वयंसेवक पाठवून एकेका मुलाचं नाव गोळा केलं, कारण सरकार नावं देत नव्हतं. शाळांच्या बांधकामाची चौकशी करू पाहणारे तान झुओरेन यांना 2010 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोप मात्र सरकार उलथवण्याच्या चिथावणीचा ठेवला गेला. भूकंपाची माहिती दडवणं ही तांत्रिक सावधगिरी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं. हादऱ्याची पातळी कमी धरली गेली हे एक अज्ञान, ते माफ करता येईल. पडलेल्या शाळांचे हिशेब मागणाऱ्याला आत टाकणं याला अज्ञान म्हणता येत नाही.

तीव्रतेचा आकडा मृत्यूंविषयी किती कमी सांगतो, हेही याच पठारावर दिसतं. 14 नोव्हेंबर 2001 रोजी कुनलुन भेग सुमारे 400 किलोमीटर लांब फाटली, तीव्रता 7.8. त्या ओसाड मुलखात मनुष्यहानी जवळपास शून्य. 14 एप्रिल 2010 रोजी युशूमध्ये 6.9 चा भूकंप झाला, म्हणजे सुटलेली ऊर्जा कुनलुनच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. तिथे सुमारे 2,700 माणसं मेली, कारण जिएगू गावातली बहुतेक घरं माती-दगडाच्या भिंतींची होती आणि ती सकाळच्या वेळी झोपेतल्या, चुलीपाशी बसलेल्या माणसांवर पडली. टिंगरीतही तेच. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत 6.2 च्या भूकंपात जवळपास 10,000 माणसं गेली, ती गारेगार थंडीपासून आणि उन्हापासून वाचवणाऱ्या त्याच जाड भिंतींखाली. किल्लारीही कुठल्या प्लेटच्या कडेवर नव्हतं.

आता मेदोगकडे येतो, कारण या लेखाला निमित्त तेच आहे. यारलुंग त्सांगपो नदी नामचा बरवा शिखराला वळसा घालून दक्षिणेला वळते, सियांग होते आणि पुढे ब्रह्मपुत्रा. त्या मोठ्या वळणात नदी सुमारे 50 किलोमीटर अंतरात 2,000 मीटर उतरते. वीज काढायला याहून मोहक जागा जगात नसेल. डिसेंबर 2024 मध्ये चीननं तिथल्या प्रकल्पाला मंजुरी दिली, 19 जुलै 2025 रोजी पंतप्रधान ली छियांग यांच्या हस्ते काम सुरू झालं. खर्च 1.2 लाख कोटी युआन, पाच वीजकेंद्रं, वर्षाला 30,000 कोटी युनिट वीज. चीनच्याच थ्री गॉर्जेस धरणाच्या सुमारे तिप्पट. वळणाचा शॉर्टकट घेणाऱ्या बोगद्यांतून पाणी नेण्याची योजना आहे.

ही जागा हिमालयाच्या पूर्व टोकाचं कोपर आहे. इथे भारतीय प्लेटचा कोपरा आशियात घुसलाय, डोंगर झपाट्यानं वर येतात आणि नदी त्याच झपाट्यानं त्यांना कापते. 15 ऑगस्ट 1950 च्या संध्याकाळी, स्वतंत्र भारताचा तिसरा वाढदिवस साजरा होत असताना, याच परिसरात 8.6 तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीवर झालेल्या आणि यंत्रांनी नोंदवलेल्या भूकंपांत याहून मोठा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक किंगडन-वॉर्ड त्या वेळी सीमेपलीकडे रिमा इथे तंबू ठोकून होते आणि त्यांनी त्या रात्रीचं वर्णन लिहून ठेवलंय. हादऱ्यांनी डोंगर सुटले, नद्या अडल्या. सुबनसिरीवरचा असा बांध आठेक दिवसांनी फुटला आणि पाण्याच्या लोंढ्यात पाचशेहून जास्त माणसं गेली. ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळानं वर आलं आणि पुढच्या वर्षांत नदीनं डिब्रूगढ शहराचा काठ खाल्ला.

इथे मला माझ्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचंय. आपल्याकडे मेदोगचा उल्लेख ‘पाण्याचा बॉम्ब’ असा होतो. अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनीही तो शब्द वापरला आणि वाहिन्यांनी तो उचलला. या शब्दात भिंत फुटण्याचं चित्र आहे. पण नीट बांधलेल्या मोठ्या भिंती भूकंपात सहसा टिकतात. वेन्चुआनच्या वेळी भूकंपाच्या केंद्रापासून काही किलोमीटरवरचं 156 मीटर उंच झिपिंगपू धरण तडकलं, खचलं, पण उभं राहिलं. चिनी अभियंते हे उदाहरण देतात आणि ते खरं आहे. धोका भिंतीच्या आजूबाजूला जास्त असतो. 8 जानेवारी 2022 रोजी पठाराच्या ईशान्य कडेला मेन्युआनमध्ये 6.6 चा भूकंप झाला. वेगवान रेल्वेचा एक बोगदा भेग ओलांडून जात होता, तो आडवा कापला गेला आणि दोन्ही तुकडे मीटरभराहून जास्त सरकले. मेदोगची सारी मदार बोगद्यांवर आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये याच वळणाच्या वर सेदोंगपू दरीतून बर्फ-दगडांचा लोंढा आला आणि त्सांगपो दोनदा अडली, तेही कुठला मोठा भूकंप न होता. टिंगरीनंतर तपासलेल्या 14 जलाशयांपैकी पाचांमध्ये भेगा वगैरे दोष आढळले, खालच्या गावांतून माणसं हलवावी लागली. हे चिनी अधिकाऱ्यांनीच सांगितलं, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं.

धरणामुळे भूकंप होतो का, हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा 6.3 तीव्रतेचा कोयनेचा भूकंप जगभरच्या अभ्यासात जलाशयामुळे चेतवलेल्या भूकंपांचं मुख्य उदाहरण मानला जातो. पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्यात गेली. पाणी खडकाच्या फटींत झिरपतं, फटीतला दाब वाढवतं, दोन बाजूंमधलं घर्षण कमी होतं आणि आधीच ताणलेली भेग थोडी आधी सुटते. ताण पाण्यानं आणलेला नसतो, तो आधीपासून असतो. झिपिंगपूच्या जलाशयानं वेन्चुआनची भेग सोडवली का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि मी कुठल्याही बाजूनं पैज लावणार नाही. मेदोगमुळे 1950 सारखा महाभूकंप होईल असं म्हणणाऱ्यांकडे पुरावा नाही. महाभूकंप धरण बांधलं तरी होईल, न बांधलं तरी होईल. मुद्दा असा आहे की कोयनेविषयी आपण हे सगळं बोलू शकतो, कारण तिथल्या नोंदी पन्नास वर्षं जगासमोर छापल्या गेल्या, भेगेपर्यंत पोचण्यासाठी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. मेदोगविषयी चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचं वाक्य आहे, की प्रकल्पाचं कसून शास्त्रीय मूल्यमापन झालंय आणि खालच्या देशांवर विपरीत परिणाम होणार नाही. मूल्यमापन कुठे आहे? कोणता भूकंप गृहीत धरला, बोगदे कोणत्या भेगा ओलांडतात, डोंगर सुटून नदी अडली तर काय करायचं ठरलंय, यातलं काही खालच्या देशांतल्या लोकांसमोर आलेलं नाही.

आणि आपलं उत्तर काय? सियांगवर 11,000 मेगावॅटहून मोठं आपलं स्वतःचं धरण. वरून अचानक पाणी सुटलं तर ते अडवायला, असं कारण सांगितलं जातं. तोच कोपरा, तीच भेगाळ जमीन. 2002 च्या भूकंपमानक नकाशात सगळा ईशान्य भारत सर्वाधिक धोक्याच्या विभाग पाचमध्ये होता. काठावरचे आदी जमातीचे लोक वर्षानुवर्षं विरोध करताहेत, आणि मे 2025 मध्ये पूर्वपाहणीसाठी सशस्त्र पोलीस दल आलं तेव्हा ते रस्त्यावर उतरले. भूकंपाच्या मुलखात वरच्या देशाच्या धरणाला खालच्या देशाचं धरण हे उत्तर मला तरी उत्तर वाटत नाही. वर लपवाछपवी चालते म्हणून ओरडणाऱ्या आपल्या सरकारनंही गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधूच्या खोऱ्यांतल्या प्रवाहांची माहिती गोपनीयच ठेवलीय. आपल्याच संशोधकांना ती अर्ज-विनंत्या करून मिळवावी लागते.

माहिती उघड केल्यानं काय फरक पडतो, असा प्रश्न एका मित्रानं मला विचारला होता. भूकंपाची आगाऊ तारीख थोडीच सांगता येते, मग आकडे उघडे करून काय करायचं? तारीख सांगता येत नाही हे खरंच आहे. पण पठारावरच्या भूकंपाची आणि दरडीची दुसरी फेरी पाण्यातून येते, आणि पाण्याला वेळ लागतो. याचे दोन दाखले एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे आहेत.

9 एप्रिल 2000 रोजी त्सांगपोच्या खोऱ्यातल्या यिगाँग नदीत एक अख्खा कडा कोसळला. सुमारे 30 कोटी घनमीटर दगडमाती नदीत पडून बांध तयार झाला. त्यामागे दोन महिने पाणी साठत होतं. 10 जूनला बांध फुटला आणि लोंढा सियांगमधून अरुणाचलात आला. तीसेक माणसं मेली, पन्नास हजारांच्या आसपास बेघर झाली, पूल वाहून गेले. दोन महिने हातात असून खालच्या गावांपर्यंत काही पोचलं नाही.

2004 मध्ये तिबेटमधल्याच पारेछू नदीवर दरड पडली आणि तसंच तळं साचलं. या वेळी चीननं भारताला कळवलं. भारतीय उपग्रह तळ्याचा पसारा मोजत राहिले, हिमाचलमधल्या सतलजच्या काठची माणसं हलवली गेली. 26 जून 2005 रोजी तळं फुटलं. रस्ते गेले, पूल गेले, शेकडो कोटींचं नुकसान झालं. माणूस एकही गेला नाही.

या दोहोंमध्ये भूगर्भशास्त्र काही बदललं नव्हतं. दुसऱ्या वेळी खबर वेळेत पोचली, एवढाच काय तो फरक. मधल्या काळात, 2002 मध्ये, ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची माहिती देण्याचा करार दोन देशांत झाला होता. तो करार दर पाच वर्षांनी वाढवला जायचा. 2017 मध्ये डोकलामच्या तणावात माहिती थांबली, पुढे सुरू झाली, आणि 2023 मध्ये कराराची मुदत संपली. त्यातही मुख्यतः पावसाळ्यातली पाण्याची पातळी, प्रवाह आणि पाऊस असे. भूकंपमापकांच्या नोंदी, डोंगरउतारांच्या हालचाली, जमिनीच्या सरकण्याची मोजमापं त्यात कधीच नव्हती. ‘इंडेप्थ’सारखा प्रकल्प 1990 च्या दशकात होऊ शकला, म्हणजे या पठारावर परक्यांना यंत्रं मांडू देणं अशक्य नाही. भारतानंही ते मागताना आपल्या बाजूच्या नोंदी आधी खुल्या कराव्यात. ‘आधी तुम्ही’ म्हणत बसायला ही जागा बरी नाही.

यिगाँगचा कडा एप्रिलमध्ये पडला होता. 2002 चा करार तेव्हा असता तरी तिथली नोंद पावसाळा सुरू होईपर्यंत पाठवायची कोणावर सक्ती नव्हती. मेदोगच्या वर उद्या एखादा डोंगर डिसेंबरात सुटला, तर पहिला फोन कुठल्या कार्यालयातून कुठल्या कार्यालयात जायचा, हे निदान लोकांसमोर तरी आलेलं नाही.